आईला कळते ते आणि डॉक्टरला कळते ते

आम्ही साक्षरतेचे वर्ग चालवतो. नागपूरपासून थोड्या अंतरावर एका गावात संध्याकाळी बायांचा वर्ग भरत असे. त्या दिवशी फळ्यावर 'बाळ' हा शब्द लिहिला होता. तो शब्द वाचून झाला आणि बाया आपापल्या बाळंतपणाच्या गोष्टी सांगू लागल्या. बोलता बोलता वाद लागला.

एक वयस्क बाई म्हणाल्या, "डॉक्टरले काय समजते? पोट आपलं, लेकरू आपलं. आपल्याले समजते तेच खरं."

एक तरुण सून म्हणाली, "नाही वं माय. डॉक्टर शिकलेले असतात. ते सांगतात तेच ऐकाव."

दोघींचे म्हणणे ऐकून आम्ही गप्प बसलो. कारण त्याच गावात घडलेल्या दोन गोष्टी आम्हांला माहीत होत्या. एक गोष्ट ऐकली की पहिलीचे पटते. दुसरी ऐकली की सुनेचे पटते. त्या दोन्ही गोष्टी आधी वाचा. मग आपण विचार करू.

पहिली गोष्ट

एका बाईला आठवा महिना लागला होता. एके दिवशी सकाळपासून पोटातले बाळ हालले नाही. तिने घरी सांगितले, "आज लेकरू हालून नाही राहिलं."

घरच्या बाया म्हणाल्या, "झोपलं असन. कामाले लाग."

दुपार झाली. तिला काही चैन पडेना. ती नवऱ्याला घेऊन दवाखान्यात गेली. तिथे फार गर्दी होती. एकीने वरवर पोट पाहिले आणि म्हटले, "सगळं ठीक आहे. घरी जा."

ती घरी गेली नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिली. म्हणाली, "मी नाही जात. रोज हे लेकरू मले लाथा मारते. आज मारली नाही. तुम्ही त्याचे ठोके ऐका, मग मी जातो."

दुसऱ्या नर्सबाई आल्या. त्यांनी यंत्र लावून बाळाच्या हृदयाचे ठोके मोजले. पोटातल्या बाळाचे ठोके एका मिनिटात ११० ते १६० असावे लागतात. याचे ठोके फार कमी झाले होते. लगेच १०८ नंबरची गाडी बोलावली. नागपूरला नेऊन त्याच रात्री ऑपरेशन झाले. मुलगी झाली. ती आता शाळेत जाते.

त्या दिवशी कोणाला जे कळले नाही, ते आईला कळले होते.

दुसरी गोष्ट

दुसरी बाई अंगाने धडधाकट. सातवा महिना संपत आला तरी शेतात निंदायला जात होती. तपासणीच्या दिवशी नर्सबाईंनी तिचा रक्तदाब मोजला. आपण त्याला बीपी म्हणतो. तो १६०/११० निघाला. गरोदर बाईचा बीपी १४०/९० झाला की तोच जास्त समजतात. हा तर त्याच्याही फार पुढे गेला होता.

नर्सबाई म्हणाल्या, "बाई, आजच नागपूरला जा. मोठ्या दवाखान्यात भरती व्हा." त्यांनी कार्डावरही तसे लिहून दिले.

बाई घरी आली. म्हणाली, "मले काय झालं? मी त धडधाकट आहो. मले नाही राहाचं दवाखान्यात." सासऱ्यांना वाटले, नर्सबाई उगाच भिववतात. कार्ड पेटीत गेले. त्या कार्डावर काय लिहिले आहे, हे घरात कोणालाच वाचता येत नव्हते.

तिसऱ्या रात्री तिचे डोके फार दुखू लागले. डोळ्यांपुढे अंधारी आली. पहाटे झटके आले. घरच्यांनी धावपळ करून नागपूरला नेले. आई वाचली. बाळ गेले.

तिचा नवरा पुढे आमच्या पुरुषांच्या वर्गात येऊ लागला. अक्षरे जुळायला लागली तेव्हा त्याने पेटीतले ते कार्ड आणले आणि आमच्यासमोर वाचले. 'आजच न्यावे' हे दोन शब्द वाचून तो थांबला. पुढे त्याला वाचवेना.

या वेळी आईच्या अंगाला काही कळले नव्हते. बीपी मोजायच्या यंत्राला कळले होते.

मग खरे कोणाचे?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून 'आई मोठी की डॉक्टर मोठा' हा वादच चुकीचा आहे. आईला काय कळते आणि डॉक्टरला काय कळते, हे नीट समजून घेतले पाहिजे.

काही गोष्टी आईलाच आधी कळतात. बाळ हालते का, किती हालते, नेहमीपेक्षा कमी हालते का, हे तिच्यावाचून कोणाला कळणार? बाळाची हालचाल साधारण पाचव्या महिन्यापासून जाणवू लागते. दिवसरात्र ते तिच्या पोटात असते. त्याची सवय तिला ठाऊक असते. डॉक्टरांकडे ती महिन्यातून एकदा जाते, तेही थोड्या वेळापुरते. तसेच डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, पाणी जाणे, अंगावरून रक्त जाणे, पोटात न थांबणारी कळ येणे, हेही आधी तिलाच कळते. तिने सांगितले तरच दुसऱ्याला कळेल.

काही गोष्टी आईच्या अंगाला कळतच नाहीत. बीपी वाढला तरी पुष्कळदा काही वाटत नाही. लघवीतून प्रथिने जाऊ लागली तर ती डोळ्यांना दिसत नाहीत. रक्त कमी असले तर थकवा येतो, पण आपल्या बायांना थकव्याची इतकी सवय असते की तो आजार वाटतच नाही. गरोदरपणात रक्तातले हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले तर रक्त कमी आहे असे समजावे. ७ च्या खाली गेले तर ते फार धोक्याचे. हे सुई टोचून तपासल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आईला शंका आली तर ती खरी धरून तपासणी करावी. आणि आईला काहीच वाटत नसले, तरीही तपासणी करावी. हा या पाठाचा सार आहे.

दूरदेशची एक गोष्ट

बायांचे म्हणणे शिकलेल्या लोकांनी ऐकले नाही, तर काय होते? याची एक मोठी गोष्ट जगाच्या इतिहासात आहे.

युरोपात व्हिएन्ना नावाचे शहर आहे. तिथे एक मोठा सरकारी दवाखाना होता. त्यात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात डॉक्टर आणि डॉक्टरकी शिकणारी मुले काम करीत. दुसऱ्या विभागात सुईणी काम करीत. कोणत्या बाईला कुठे घ्यायचे, हे ज्या दिवशी ती येईल त्या दिवसावर ठरत असे.

शहरातल्या गरीब बाया पहिल्या विभागाला फार भीत. हात जोडून, रडून त्या म्हणत, आम्हांला दुसरीकडे घ्या. कित्येकी तर त्या विभागात जाण्यापेक्षा रस्त्यातच बाळंत होत. डॉक्टर म्हणत, या अडाणी बायांची ही समजूत आहे.

पण आकडे पाहा. १८४६ साली पहिल्या विभागात शंभर बायांपैकी सुमारे ११ बाया मेल्या. दुसऱ्या विभागात शंभरांत ३ सुद्धा नाही. बायांना कारण सांगता येत नव्हते. पण त्यांनी आपल्या शेजारणी गेलेल्या पाहिल्या होत्या. त्यांची भीती खरी होती.

तिथे सेमेलवाइस नावाचे एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी या गोष्टीचा छडा लावला. डॉक्टर आणि शिकणारी मुले सकाळी प्रेते फाडून तपासत आणि तेच हात घेऊन बाळंतिणीजवळ येत. सुईणी प्रेतांना हात लावत नसत. १८४७ साली सेमेलवाइसांनी नियम केला, की प्रत्येकाने क्लोरीनच्या पाण्याने हात धुऊनच आत यावे. १८४८ साली पहिल्या विभागातले मरण शंभरांत दीडच्याही खाली आले.

तरी मोठमोठ्या डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे लवकर मानले नाही. १८६५ साली सेमेलवाइस वारले. त्यानंतर जंतूंचे ज्ञान पसरले आणि हात धुण्याचा नियम हळूहळू सगळीकडे लागू झाला.

आता या गोष्टीतून काय घ्यायचे? बायांना धोका कळला होता. पण त्याचे कारण शोधायला शिकलेला माणूसच लागला. त्याने बायांची भीती हसण्यावारी नेली नाही. धोका आणि कारण यांची गाठ पडली, तेव्हा बाया वाचल्या.

आपल्या नागपुरातले काम

ही दूरदेशची गोष्ट झाली. आता आपल्या नागपूरकडे येऊ.

शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे बाळंतपण घरीच होई. घरातली अंधारी खोली, जुन्या चिंध्या, कोंडलेली हवा. दवाखान्याचे नाव काढले की बाया घाबरत. तिथे परका पुरुष असेल, आपल्याला कोणी ओळखणार नाही, आपले कोणी ऐकणार नाही, असे त्यांना वाटे.

कमलाताई होस्पेट लहानपणीच विधवा झाल्या होत्या. त्या काळी विधवेने घराच्या कोपऱ्यात बसावे, अशी रीत होती. कमलाताई नागपूरच्या डफरीन दवाखान्यात नर्सचे आणि सुईणीचे काम शिकल्या. १९२१ साली त्यांनी आणि वेणूताई नेने यांनी नागपुरात मातृसेवा संघ सुरू केला. सीताबर्डीवरचे मातृसेवा संघाचे सूतिकागृह नागपूरकरांना चांगले ठाऊक आहे. पुढे संघाच्या शाखा विदर्भात इतर ठिकाणीही निघाल्या. १९६१ साली सरकारने कमलाताईंना पद्मश्री देऊन त्यांचा मान केला.

कमलाताईंनी डॉक्टरी विद्या टाकून दिली नाही. ती विद्या घेतली आणि बायांना आपले वाटेल अशा घरात आणून ठेवली. स्वच्छ खाट, धुतलेले हात आणि जवळ बसून विचारपूस करणारी बाई. जिथे आपले ऐकले जाते, तिथे बाई मोकळेपणी सांगते. आणि तिने सांगितले तरच पुढचा उपाय होतो.

गडचिरोलीचे काम

नागपुरातच डॉक्टरी शिकलेल्या राणीताई बंग आणि त्यांचे पती डॉक्टर अभय बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथल्या दोन गावांत त्यांनी ६५० बायांची तपासणी केली. तिचा अहवाल १९८९ साली छापून आला. शंभरांत ९२ बायांना अंगावरचा काही ना काही आजार होता. त्याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या बाया शंभरांत फक्त ८ होत्या. पुष्कळ बायांनी दुखणे कोणाला सांगितलेच नव्हते. आणि पुष्कळ जणींना आपल्याला आजार आहे हे जाणवलेही नव्हते.

बायांना आपल्या शरीराबद्दल काय वाटते, त्या कोणत्या शब्दांत बोलतात, हे राणीताईंनी वर्षानुवर्षे ऐकून घेतले. त्यावर त्यांनी 'कानोसा' नावाचे पुस्तक लिहिले. कानोसा घेणे म्हणजे कान देऊन हळू आवाजही ऐकणे. डॉक्टरने तेच करायचे असते.

पुढे 'सर्च'ने ३९ गावांत एक काम केले. गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. त्यांना आरोग्यदूत म्हणत. बाळाचे रडणे क्षीण झाले का? बाळ दूध ओढायचे कमी झाले का? बाळ सुस्त पडले का? अंग गार किंवा गरम लागते का? अशी लक्षणे त्या पाहत. यातल्या कितीतरी गोष्टी आईच्याच ध्यानात आधी येतात. आरोग्यदूत आईला विचारीत, वजन करीत, ताप मोजीत आणि लागेल ते औषध देत. १९९९ साली या कामाचा अहवाल आला. त्या गावांत जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले बालमृत्यू शंभरांत ६२ ने कमी झाले होते. हीच रीत सरकारने पुढे २०११ साली आशाताईंच्या कामात घेतली. म्हणून बाळंतपणानंतर आशाताई आपल्या घरी येतात. त्यांना दारातून परत पाठवू नका.

जाणीव वेगळी, ऐकीव रीत वेगळी

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. 'मला बरे वाटत नाही' ही अंगाची जाणीव आहे. पण 'आमच्याकडे असेच करतात' ही ऐकीव रीत आहे. रीत तपासून पाहावी. चांगली असेल तर ठेवावी, वाईट असेल तर सोडावी.

गरोदर बाईने कमी जेवावे, म्हणजे बाळ लहान राहील आणि बाळंतपण सोपे जाईल, अशी एक रीत आहे. ती वाईट आहे. त्याने आई अशक्त होते आणि बाळ कमी वजनाचे होते. बाळाला पहिला चीक पाजू नये, ही दुसरी रीत. तीही वाईट. पहिले पिवळसर दूध बाळाला आजारापासून वाचवते. नाळेला शेण किंवा राख लावणे ही तिसरी रीत. यातून धनुर्वात होऊन पूर्वी किती बाळे गेली, त्याची गणती नाही. आईला लस आणि नाळेला स्वच्छ पाते, एवढ्यावर तो आजार हटला. २०१५ साली भारतातून बाळंतिणीच्या आणि नवजात बाळाच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

रिती डॉक्टरांच्याही असतात. कळा सुरू झाल्या की बाईला खाटेवर उताणे झोपवून ठेवायचे, अशी दवाखान्यांची रीत होती. बाया म्हणत, मले चालू द्या, मले बसू द्या. त्यांना गप्प करीत. आता जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, की सगळे ठीक असेल तर बाईला कळांमध्ये हिंडूफिरू द्यावे. प्रत्येक बाईला सरसकट खाली काप देऊन टाके घालू नयेत. आणि तिला हवी ती आपली व्यक्ती जवळ असू द्यावी. हे २०१८ साली लिहून काढले. बायांना ते आधीपासून कळत होते.

दवाखान्यात कसे बोलावे?

पुष्कळ बाया दवाखान्यात गेल्या की मुक्या होतात. डॉक्टरीणबाई रागावतील, असे वाटते. रागावल्या तरी बोलावे. बोलणे हे भांडण नव्हे.

नुसते 'बरं नाही वाटत' म्हणू नका. काय, केव्हापासून, किती, हे सांगा. "काल रात्रीपासून डोकं दुखते. पडून राहिलं तरी थांबत नाही." असे सांगितले की ऐकणाऱ्यालाही दुर्लक्ष करता येत नाही.

'घरी जा' म्हटले आणि मन मानत नसले, तर सांगा, "पुन्हा एकदा तपासा. बाळाचे ठोके ऐकवा." तरी कोणी ऐकले नाही तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. नागपुरात मेडिकल, मेयो आणि बायांचा डागा दवाखाना आहे.

सिझर करायचे किंवा भरती व्हायचे असे सांगितले, तर तीन प्रश्न विचारा. काय झाले आहे? तुम्ही काय करणार? थांबलो तर काय होईल? हे विचारण्याचा तुमचा हक्क आहे. उत्तर मिळाल्यावर मात्र वेळ घालवू नका.

कार्डावर जे लिहिले असेल, ते तिथेच वाचून घ्या. समजले नाही तर विचारा. तुम्ही वाचायला शिकला आहात, ते याच कामासाठी.

आता पुरुष मंडळींना दोन शब्द. घरात गाडी कोणाच्या हाती असते? पैसे कोणाच्या खिशात असतात? बहुधा तुमच्याच. तेव्हा घरची बाई म्हणाली, 'आज काहीतरी वेगळं वाटते', तर तिला हसू नका. रात्र असो, पेरणी असो, उठा आणि निघा. तपासून सगळे ठीक निघाले, तर फेरी वाया गेली असे समजू नका. मन निवांत झाले, हीच कमाई.

ध्यानात ठेवा

१. दिवस राहिल्यावर पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवा. निदान चार वेळा तपासणी करून घ्या.

२. प्रत्येक वेळी बीपी, वजन, रक्त आणि लघवी तपासली का, ते पाहा.

३. लोहाच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे घ्या.

४. पुढीलपैकी काहीही झाले तर उद्याची वाट पाहू नका : बाळाची हालचाल कमी होणे, अंगावरून रक्त जाणे, फार डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला व हाताला सूज, झटके, ताप, दिवस भरण्याआधी पाणी जाणे, कळा येऊन बारा तास झाले तरी बाळंत न होणे.

५. १०८ नंबरला फोन केला तर गाडी येते. तिचे पैसे पडत नाहीत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे आणि सिझरही मोफत आहे. ही सोय २०११ सालापासून आहे.

६. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी असते. ही सोय २०१६ सालापासून आहे.

विचार करा आणि वहीत लिहा

१. पहिल्या गोष्टीतली बाई पायरीवर का बसून राहिली?

२. दुसऱ्या गोष्टीत कार्ड पेटीत न ठेवता काय करायला हवे होते?

३. व्हिएन्नाच्या बायांची भीती खरी होती, हे कशावरून कळले?

४. तुमच्या घरात बाळंतपणाच्या कोणत्या रिती आहेत? त्यांतल्या कोणत्या ठेवाल, कोणत्या सोडाल?

५. तुमच्या गावच्या आशाताईंचे नाव आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहा. तो कागद दाराजवळ लावा.